मराठवाड्यातून समुद्रकाठी जाताना: कोकणातल्या गावांत अनवाणी फिरण्याची तयारी आणि पद्धत

अनवाणी चालणे मराठवाड्याला नवे नाही. नवरात्रात नऊ दिवस पायांत काहीही न घालणारी माणसे लातूर, बीड, धाराशिवच्या प्रत्येक गल्लीत आढळतात, कोजागरीच्या सुमारास तुळजापूरच्या रस्त्याने अनवाणी पायांची रीघ लागते आणि पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या अनेकांच्या पायांत वहाण नसते. मात्र हीच माणसे सुट्टीत कुटुंबासह गणपतीपुळे, गुहागर, अलिबाग किंवा मालवणला गेली की बूट काढून घटकाभर लाटांत उभी राहतात, पाय झटकतात आणि पुन्हा बूट चढवून गाडीत बसतात. मला हे नुकसान वाटते. समुद्रकाठचे गाव म्हणजे केवळ पाण्याची कड नव्हे. जांभ्या दगडाच्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), माडांच्या सावलीतील गार माती, शेणाने सारवलेली अंगणे, देवळाची फरशी आणि ओहोटीने घट्ट झालेली पुळण (वाळूचा किनारा), हे सगळे पायांना वेगवेगळे कळते आणि ते बुटांतून कळत नाही.

परंतु आपल्या काळ्या मातीत मिळवलेला सराव तिथे पुरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. आपल्या पायांना बाभळीचा काटा, सराटा, तुरीचे धसकट आणि वैशाखातली तापलेली भुई ठाऊक असते. तिथे ओले शेवाळ, खडकाला चिकटलेली कालवे (धारदार शिंपांचे जीव), वाळूत दडलेला माशाचा काटा आणि तासातासाला बदलणारे पाणी यांच्याशी गाठ असते. त्यामुळे पायाची कातडी जाड करण्यापेक्षा वेळ निवडण्याची आणि जमीन वाचण्याची तयारी अधिक करावी लागते. पुढील मार्गदर्शन त्याच अंगाने लिहिले आहे.

कोणी अनवाणी फिरू नये

ही गोष्ट आरंभीच, कारण घरातील ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाणाऱ्यांसाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी किनाऱ्यावरसुद्धा अनवाणी चालू नये. दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते, जखम झालेली कळत नाही, तापलेल्या वाळूने फोड आले तरी वेदना होत नाहीत आणि पायाकडचा रक्तपुरवठा मंदावलेला असल्यास साधी जखमही महिनोन्महिने भरत नाही. "आमच्या आबांना कधी काही झालं नाही" हे उत्तर येथे उपयोगाचे नाही, कारण संवेदना गेलेल्या माणसाला आपली संवेदना गेली आहे हेच अनेकदा उमगत नाही. पायांना मुंग्या येणे, तळवा बधिर वाटणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे, यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. अशा व्यक्तींना मागे पट्टा असलेली, पुढून बंद अशी सँडल घालून पाण्याच्या कडेने फिरता येते.

पायावर उघडी जखम असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनीही हा बेत सोडून द्यावा. कोमट समुद्राच्या पाण्यात वाढणारे काही जिवाणू अशा व्यक्तींच्या जखमेत शिरले तर आजार फार वेगाने गंभीर होऊ शकतो. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल तर निघण्यापूर्वी ती घ्यावी; प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळते.

घरी चार आठवडे आधी

मराठवाड्यातील कोरड्या हवेमुळे आपल्याकडे बहुतेकांच्या टाचांना भेगा असतात. अशी टाच खाऱ्या पाण्यात गेली की झोंबते, भेगेत वाळू जाऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी चालणे नकोसे होते. म्हणून पहिले काम भेगा भरून काढण्याचे आहे. रोज रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत, वजरीने केवळ भेगेच्या कडांची मेलेली कातडी हलक्या हाताने काढावी, पाय पुसून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे आणि सुती मोजे घालून झोपावे. कोकमाच्या बियांचे घट्ट तेल मिळाल्यास तेही चांगले. कोकणात ते टाचांच्या भेगांसाठी पूर्वापार वापरले जाते. वजरीने सबंध तळवा घासून गुळगुळीत करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तळव्याची नैसर्गिक जाड कातडी हेच आपले संरक्षण आहे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर त्या बऱ्या झाल्याशिवाय प्रवासाचा दिवस ठरवू नये.

त्याबरोबरच सराव सुरू करावा. पहिल्या आठवड्यात सकाळी अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटे, दुसऱ्या आठवड्यात मातीच्या वाटेने वीस मिनिटे, त्यानंतर वावराच्या बांधावरून आणि मुरमाच्या रस्त्यावरून अर्धा तास, अशी वाढ पुरेशी होते. ज्यांनी वर्षानुवर्षे बूटच वापरले आहेत त्यांच्या पोटऱ्या सुरुवातीला दुखतील. दुखणे दोन दिवसांत शमले नाही तर वाढ थांबवावी. या सरावात पाऊल टाकण्याची रीत बदलणे अपेक्षित आहे. बुटात आपण टाच आपटून लांब ढांग टाकतो. अनवाणी असताना पाऊल आखूड असावे, गुडघा किंचित सैल असावा आणि पूर्ण भार देण्याआधी तळव्याने जमीन चाचपावी, म्हणजे खाली काही टोचले तर पाय मागे घेण्यास क्षणभर अवसर मिळतो. कातडी जाड झाली की स्पर्श कळत नाही, असा एक समज आहे. २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, केनिया आणि अमेरिकेतील लोकांच्या पायांच्या अभ्यासात मात्र अनवाणी वावरणाऱ्यांचे तळवे जाड असूनही त्यांचे स्पर्शज्ञान उणावलेले आढळले नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे सांगावे लागणार नाही.

तिथी पाहून दिवस ठरवणे

नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूरमार्गे जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग आपल्याला थेट समुद्रापर्यंत नेतो, त्यामुळे जाणे सोपे झाले आहे. दिवसाची निवड मात्र बहुतेक जण केवळ सुट्टी पाहून करतात. अनवाणी फिरणाऱ्याने भिंतीवरची दिनदर्शिका तिथीसाठी पाहावी.

समुद्राला दिवसातून साधारणतः दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरील लोक फार पूर्वीपासून एक साधा हिशेब वापरतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमा व अमावास्या या दोन्हींना पंधरा धरावे आणि नंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजावे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबई-रायगडकडे अधिक जुळतो. रत्नागिरी आणि मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तासाभराचा फरक धरावा आणि पोहोचल्यावर स्थानिक माणसाला विचारून खात्री करावी.

आता याचा पायांशी संबंध पाहू. द्वितीया ते पंचमी या दिवसांत ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या आसपास येते. ऊन कोवळे असते, पाणी ओसरून पुळण रुंद व घट्ट झालेली असते आणि रात्रीच्या भरतीने वाळू धुऊन निघालेली असते. अनवाणी चालण्यास याहून चांगली वेळ नाही. संकष्टीला गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांना हा योग आपोआप लाभतो, कारण चतुर्थीला ओहोटी नऊच्या सुमारास असते. याउलट अष्टमी ते दशमीला ओहोटी ऐन दुपारी येते. खडक उघडे पडतात, पण तापलेले असतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते आणि दुपारच्या सुमारास खडकांकडे फिरकणे धोक्याचे होते.

महिन्यांचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात केवळ सकाळ आणि संध्याकाळ हाती लागते. पावसाळ्यात अनवाणी फिरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाखाड्यांवर शेवाळ साचते, समुद्र खवळलेला असतो आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून, पायाला बारीकशी चीर असली तरी, लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा संसर्ग होऊ शकतो.

गावातून चालताना

मुक्कामाच्या घरातून निघतानाच चपला पायांत न घालता पिशवीत ठेवाव्यात. घरी सोडून मात्र जाऊ नये. जिथे जमीन कळत नाही तिथे त्या घालायच्या, हा नियम सर्वांना, विशेषतः मुलांना, आधी सांगून ठेवावा. एस.टी. स्थानक, सार्वजनिक शौचालय, बांधकामाची जागा आणि मासळी बाजार या चार ठिकाणी चपला घालाव्यातच. मासळी बाजारात बर्फाचे पाणी, खवले आणि कापलेल्या माशांचे काटे यांनी जमीन निसरडी व टोचरी झालेली असते. जेटीवर गंजलेले लोखंड आणि दोरांत अडकलेले गळ असतात. दुचाकीवर तर अनवाणी कधीच बसू नये.

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या वाटा आपल्याला नव्या असतात. जांभा सच्छिद्र व खरबरीत असतो. कोरडा असताना पाय घट्ट धरून ठेवतो, परंतु वळताना तळवा त्यावर घासला गेला तर कातडी सोलून निघते. म्हणून पाखाडी उतरताना पाऊल सरळ ठेवावे, जागेवर टाच फिरवू नये आणि पायरीच्या मध्यावर, जिथे येण्याजाण्याने दगड झिजला आहे, तिथे पाय टाकावा. कडेला शेवाळ आणि पाचोळा असतो.

डांबरी रस्ता व सिमेंटची फरशी यांसाठी हाताची परीक्षा करावी: हाताची पालथी बाजू जमिनीवर पाच सेकंद ठेवता आली नाही, तर तिथे पाय ठेवू नये. समुद्राचा वारा अंगाला गार लागतो आणि त्यामुळे जमीनही तापलेली नसेल असे वाटते, ही मराठवाड्यातून गेलेल्यांची हमखास फसगत आहे. आपल्याकडे बेचाळीस अंशांची हवा अंगाला भाजते, म्हणून माणूस आपोआप सावलीत जातो. तिथे हवा बत्तीस अंशांची असताना कोरडी वाळू पन्नासच्या पुढे गेलेली असू शकते.

सूर्य मावळल्यानंतर गावाबाहेर, विशेषतः जांभ्याच्या उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), अनवाणी जाऊ नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर फुरसे हा विषारी साप मोठ्या प्रमाणात आढळतो, तो लहान असतो आणि दगडमातीत चटकन दिसत नाही. बंद बूट आणि विजेरी, याशिवाय दुसरा पर्याय नाही.

पुळण, सुरूचे बन आणि खडक

किनाऱ्यावर शिरताना बहुधा सुरूचे बन लागते. तिथली वाळू मऊ दिसते, पण सुरूची बोरांएवढी, खवलेदार, टोकदार फळे तिच्यात अर्धवट पुरलेली असतात, शिवाय लोकांनी फोडलेल्या बाटल्यांच्या काचा नेमक्या तिथेच असतात, कारण सावलीत बसणारे तिथे बसतात. हा पट्टा चपला घालून ओलांडावा आणि भरतीची ओली रेषा लागली की चपला काढाव्यात. ओल्या वाळूला आणखी एक महत्त्व आहे. भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या हुकवर्म या आतड्यातील कृमीच्या अळ्या भरतीचे पाणी न पोहोचणाऱ्या, सावलीच्या, दमट वाळूत टिकून राहतात आणि उघड्या कातडीतून आत शिरतात. रोज दोनदा पाण्याने धुतली जाणारी वाळू त्या मानाने पुष्कळ सुरक्षित असते.

भरतीच्या रेषेवर वाहून आलेल्या कचऱ्यात पाय घालू नये. जिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जाते किंवा जाळी झटकली जातात, तिथे टाकून दिलेले शिंगाळ्यासारखे मासे पडलेले असतात. त्यांचा काटा मासा मेल्यानंतरही ताठ आणि विषारी राहतो व तळव्यात खोल घुसतो. निळसर, पारदर्शक, फुग्यासारखे काही वाळूवर दिसले तर ते मृत वाटले तरी स्पर्श करू नये, कारण त्याचे तंतू नंतरही दंश करतात.

पाण्यात उतरल्यावर पाऊल उचलून टाकण्याऐवजी तळावरून सरकवत न्यावे. पाकट हा मासा उथळ पाण्यात वाळूखाली पसरून पडलेला असतो. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीच्या काट्याने तो वार करतो, पण पायाची चाहूल सरकत येत असेल तर निघून जातो. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटाचे दंश झाले होते. आपल्याकडे गोदावरीच्या पात्रात आपण पाय उचलून टाकतो, ती सवय येथे मोडावी लागते.

खडकांचे काय? यात क्रम महत्त्वाचा आहे. तासभर पाण्यात राहिलेला तळवा भिजून मऊ पडतो आणि मग कालवाची कड त्याला सहज चिरते. म्हणून खडक आधी, पाणी नंतर. खडकावर कोरड्या, करड्या भागावर पाय ठेवावा. हिरवा व काळसर चकचकीत भाग निसरडा असतो आणि पांढरट खरबरीत थर म्हणजे कालवांच्या शिंपा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी चालत गाठता येतो, पण किल्ल्याभोवतीच्या खडकाळ भागासाठी पट्ट्याची सँडल घालावी आणि पाणी वळण्याआधी परतावे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांच्या कडेने जाते. ती अनवाणी करणारे भाविक पुष्कळ आहेत, पण तिथे लाटेने माणसे ओढली गेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. पूर्ण ओहोटीशिवाय आणि देवळात विचारल्याशिवाय त्या वाटेने जाऊ नये. गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा टेकडीभोवती बांधलेल्या वाटेने होते आणि अनवाणी चालण्याची सुरुवात करणाऱ्यांसाठी ती सर्वांत चांगली आहे. मात्र दुपारी ती टाळावी. मालवणच्या समुद्रात १६६४ साली बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्गावर शिवरायांच्या हाताचे आणि पायाचे मानले जाणारे ठसे जपलेले आहेत. होडीतून उतरताना चपला घालाव्यात आणि आत गेल्यावर काढाव्यात.

लोक काय म्हणतील

आपल्याकडे मोठ्या माणसाने अनवाणी फिरण्याची दोनच कारणे धरली जातात: नवस किंवा गरिबी. त्यामुळे "चप्पल तुटली का हो?" किंवा "नवस हाय का?" असे बरोबरचीच मंडळी विचारतात. "नाही, मला असंच चालायला आवडतं," एवढे शांतपणे सांगितले की पुरे. सार्वजनिक रस्त्यावर अनवाणी चालण्यात गैर काहीच नाही. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन जगभर अनवाणी वावरले. मुंबईतील एका नामवंत क्लबने त्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारला, तरीही त्यांनी आपली रीत बदलली नाही. खासगी उपाहारगृहाने चपला घालण्यास सांगितले तर मात्र वाद न घालता घालाव्यात.

कोकणातील घरात पाय ठेवण्याचे भान अधिक महत्त्वाचे आहे. तिथे लोक उंबऱ्याबाहेरच चपला काढतात, त्यामुळे अनवाणी पाहुण्याचे कोणाला नवल वाटत नाही. पण वाळूने भरलेले पाय सारवलेल्या खळ्यातून (अंगणातून) थेट पडवीत नेणे कोणालाही आवडत नाही. "काकू, पाय धुवायला पाणी कुठं आहे?" असे आधी विचारावे आणि घोट्यापर्यंत पाय धुवावेत. तिथे उन्हाळ्यात विहिरींचे पाणी आटते, हे आपल्याइतके कोणाला कळणार? तांब्याभर पाण्यात काम भागवावे.

रोज संध्याकाळी पायांची पाहणी

दिव्याखाली बसून दोन्ही तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर एकमेकांचे पाहावेत. बेचक्यांतील वाळू गोड्या पाण्याने काढावी. जोडवी घालणाऱ्या स्त्रियांनी ती फिरवून त्यांखालची वाळू धुवावी. तिथे अडकलेले दोन-चार कण दिवसभर घासून बोटाला चांगलीच जखम करतात.

कालवाने कापले असेल तर जखम भरपूर स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवावी, शिंपेचा तुकडा राहिला नाही ना हे पाहावे आणि जंतुनाशक लावून झाकावी. हळद चेपून जखम बंद करू नये, कारण आत राहिलेला कण तसाच राहतो. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, कारण या विषाची वेदना उष्णतेने कमी होते. बधिर झालेल्या पायाला पाण्याचा अंदाज येत नाही, म्हणून उष्णता दुसऱ्याने हाताने पाहावी. त्यानंतर दवाखान्यात जावेच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. जेलीफिशचा दंश चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावा आणि तंतू चिमट्याने काढावेत. गळ रुतला असेल तर तो ओढू नये, डॉक्टरांनाच काढू द्यावा. जखमेभोवती लाली पसरू लागली, काळसर फोड आले किंवा ताप चढला, तर गावी परतण्याची वाट न पाहता तिथल्याच रुग्णालयात जावे.

घरी आल्यावरही दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे. तळव्यावर किंवा बोटांजवळ खाज सुटून लालसर, नागमोडी रेघ दिसू लागली आणि ती रोज थोडी पुढे सरकताना दिसली, तर ती नायट्याची नसून हुकवर्मच्या अळीची असण्याची शक्यता आहे. नायट्याचे मलम लावत बसू नये. आपल्याकडील डॉक्टरांना ही रेघ वरचेवर पाहायला मिळत नाही, म्हणून आपण समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत अनवाणी चाललो होतो आणि त्याला किती दिवस झाले, हे त्यांना आपणहून सांगावे. पोटात घेण्याच्या गोळ्यांनी ती बरी होते.